करंजाचे स्फटिक आणि सॉफ्टवेअरचा ८९

प्रश्न गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. थोडक्यात सांगतो. एमएस्सीच्या मुलांनी तेलघाणीवरून करंजाचं तेल आणलं, मेथॅनॉलसोबत ढवळलं, वरचा थर काढून आटवला आणि फ्रिजमध्ये ठेवला. पांढुरके, सुईसारखे स्फटिक मिळाले. द्रवणांक १५१ ते १५५ अंश. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी करून कॉलेजला नव्याने आलेल्या एफटीआयआरवर, म्हणजे पदार्थ कोणते इन्फ्रारेड किरण शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, स्पेक्ट्रम घेतला. ठळक पट्टे (आकडे तरंगांकाचे, प्रति सेंटिमीटर): ३४३० (रुंद), २९२४, २८५४, १७४५, १६२४, आणि त्याखाली १६०० पासून ७०० पर्यंत बरीच गर्दी. सॉफ्टवेअरच्या लायब्ररी सर्चमध्ये, म्हणजे साठवलेल्या माहीत स्पेक्ट्रमांशी जुळवणीत, पहिला आला एक फ्लेव्होन (वनस्पतींत सापडणाऱ्या संयुगांचा एक गट), गुण ८९. दुसरं आलं एक खाद्यतेल, ८६. फंक्शनल ग्रुप सांगणाऱ्या भागाने लिहिलं: हायड्रॉक्सिल, एस्टर, बहुधा अमाइड. मॅडमचे प्रश्न दोन. या ८९ च्या आधारावर प्रोजेक्टमध्ये रचना लिहावी का? आणि स्पेक्ट्रम टाकला की थेट रचना काढून देईल असा एखादा प्रोग्राम आहे का?

मॅडम, पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचंही ‘नाही’च, निदान एवढ्या मोठ्या रेणूसाठी आणि नुसत्या इन्फ्रारेडच्या जोरावर. पण तुमच्या कागदावर सॉफ्टवेअरने वाचलं त्याहून बरंच जास्त लिहिलेलं आहे, आणि ते काढून घ्यायला संगणक कामाला लावता येतो. त्याला विचारायचं काय, हे मात्र आपण ठरवायचं. ‘हे काय आहे?’ म्हटलं की तो काहीतरी सांगतोच. ‘हे काय असू शकत नाही?’ म्हटलं की कामाचं बोलतो.

आधी तो ८९ बघू. ही संभाव्यता नव्हे. प्रोग्राम तुमचा स्पेक्ट्रम आणि लायब्ररीतला एकेक स्पेक्ट्रम घेतो, दोन्ही एका मापात आणतो, आणि प्रत्येक बिंदूवर वक्र किती सोबत चढतो-उतरतो ते मोजतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा सहसंबंध गुणांकाचा वर्ग असतो, शंभराने किंवा हजाराने गुणलेला. म्हणजे दोन आकृत्या किती सारख्या दिसतात, एवढंच तो आकडा सांगतो. रुंद आणि उंच पट्ट्यांचं वजन त्यात जास्त पडतं. ज्या बारीक पट्ट्यांवर खरा निर्णय ठरतो, त्यांचं जवळजवळ काहीच नाही. शिवाय तुमचा पदार्थ लायब्ररीत नसला तरी पहिला नंबर कुणाला तरी मिळणारच. सगळा वर्ग नापास झाला तरी त्यात एक जण पहिला येतोच, तसं.

पटत नसेल तर मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. आपल्याकडे जवसाचं तेलही मिळतं आणि सरकीचंही. दोन्हींचे स्पेक्ट्रम घ्या आणि एकमेकांशी जुळवा. एक तेल रंगात नि वार्निशात जातं कारण ते हवेत सुकतं, दुसऱ्यात आपण भजी तळतो, तरी आकडा डोळे दिपवणारा येईल. कारण दोन्ही ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉल आणि स्निग्ध आम्लांचे एस्टर: तेच २९२४, तेच २८५४, तोच १७४५, तोच ११६०. फरक दिसतो ३०१० च्या आसपासच्या एका छोट्या खांद्यात, दुहेरी बंधावरच्या हायड्रोजनच्या पट्ट्यात. जवसात लिनोलेनिक आम्ल भरपूर, म्हणून तिथे तो ठसठशीत उठून दिसतो. डोळ्याला लगेच कळतं, आकड्याला कळत नाही.

आणि हा आकडा काढायला महागडं सॉफ्टवेअर लागतं असंही नाही. दोन्ही स्पेक्ट्रम सीएसव्हीमध्ये घ्या, तरंगांक एकाच अंतराने असू द्या, ट्रान्समिटन्सचं अ‍ॅब्सॉर्बन्समध्ये रूपांतर करा (२ वजा टक्के-ट्रान्समिटन्सचा दशमान लॉग), आणि एक्सेलचं कोरेल हे फंक्शन लावा. उत्तराचा वर्ग केला की झालं. मग हाच हिशोब फक्त १८०० ते ६५० या भागासाठी पुन्हा करा. पहिले दोन क्रमांक बदलतात का बघा. तुमच्या बाबतीत बदलतील असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच कागदावर आहे.

३४३० चा रुंद पट्टा घ्या. तुमच्याकडे ऑगस्टात झड लागलेली असते आणि प्रयोगशाळेच्या भिंतींनाही ओल येते. अशा हवेत केबीआर पाणी ओढतं. त्या पाण्याचा एक रुंद पट्टा ३४०० च्या आसपास आणि दुसरा १६४० च्या जवळ येतो. हा दुसरा जास्त त्रासाचा, कारण तो नेमका तुमच्या १६२४ च्या अंगावर बसतो. सॉफ्टवेअरला ‘अमाइड’ सुचलं ते इथूनच. त्याचे नियम ढोबळ असतात: वर एनएच किंवा ओएच, खाली १६५० च्या जवळ काहीतरी, म्हणजे अमाइड असावं. नायट्रोजन आहे की नाही हे बीएस्सीची मुलंही सोडियम फ्यूजन करून तासाभरात सांगतील. ते करा, आणि नायट्रोजन नसला तर अमाइड यादीतून काढून टाका. इतक्या स्वस्तात एवढी मोठी काट मारून देणारं सॉफ्टवेअर मला माहीत नाही.

पाण्याचा बंदोबस्त असा: केबीआर ११० अंशांवर काही तास ओव्हनमध्ये, मग डेसिकेटरमध्ये, आणि डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळं आहे ना हे बघून. खल-बत्ता दिव्याखाली कोमट करून घ्यायचा. त्याच केबीआरची एक रिकामी गोळी करायची आणि तिचा स्पेक्ट्रम वेगळा जपून ठेवायचा. नमुन्याच्या स्पेक्ट्रममधला ३४३० रिकाम्या गोळीएवढाच असेल तर तो तुमच्या पदार्थाचा नाही. लाइट गेली आणि परत आली तर यंत्र तापू द्या, अर्धा तास तरी, आणि बॅकग्राउंड नव्याने घ्या. जुन्या बॅकग्राउंडवर घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये २३५० ला कार्बन डायऑक्साइडची जोडी आणि १९०० ते १४०० मध्ये पाण्याच्या वाफेचे काटे उगवतात. मुलं यंत्रावर वाकून गप्पा मारत असली तरी तेच होतं. हे काटे बघून भलतेच गट सांगणारे प्रोग्राम मी बरेच पाहिले आहेत.

आता २९२४, २८५४ आणि १७४५. हे तिघं सोबत आले की आधी तेलाचा संशय घ्यायचा. तुमच्या मनात करंजिन, करंजाच्या तेलातला फ्लेव्होन, आहे, बरोबर? त्याचं सूत्र कार्बन १८, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ४. बारा हायड्रोजनांपैकी सुगंधी वलयांवर नसलेले फक्त तीन, एका मेथॉक्सी गटाचे. एवढ्याशा मेथॉक्सीतून २९२४-२८५४ ची अशी दणदणीत जोडी येत नाही. तिला लांब सीएचटू साखळी लागते, म्हणजे स्निग्ध आम्ल. ७२२ च्या जवळ बारीक पट्टा आहे का बघा, तोही त्याच साखळीचा. दुसऱ्या क्रमांकावर खाद्यतेल ८६ गुणांनी का बसलं, हे आता सांगायला नको. द्रवणांक चार अंशांत पसरलाय आणि करंजिनच्या १५८ च्या आसपासच्या द्रवणांकापेक्षा खाली आहे, त्याचंही कारण हेच.

मग करायचं काय? स्फटिक गार हेक्झेनने धुवा, मेथॅनॉल किंवा अल्कोहोलमधून पुन्हा स्फटिक करा, पुन्हा स्पेक्ट्रम घ्या. परत धुवा, परत घ्या. प्रत्येक वेळी १७४५ आणि १६२४ यांच्या अ‍ॅब्सॉर्बन्सचं गुणोत्तर काढा. एकाच रेणूचे दोन पट्टे असतील तर कितीही वेळा शुद्ध करा, गुणोत्तर तेच राहणार. ते घसरत गेलं तर दोन पट्टे दोन वेगळ्या पदार्थांचे. मुलांना ही एक गोष्ट समजली तर प्रोजेक्ट सार्थकी लागला असं मी म्हणेन, कारण यात लायब्ररी लागत नाही, एआय लागत नाही, आणि निष्कर्ष कुणी खोडू शकत नाही. सॉफ्टवेअरमधली वजाबाकी, म्हणजे तुमच्या स्पेक्ट्रममधून मूळ तेलाचा स्पेक्ट्रम वजा करणं, हीसुद्धा करून बघा. फक्त ती अ‍ॅब्सॉर्बन्समध्येच करायची, आणि उणे पट्टे दिसायला लागले की थांबायचं. वजाबाकी हा शुद्धीकरणाला पर्याय नव्हे, हेही मुलांच्या कानावर घाला.

शुद्ध, कोरड्या नमुन्यात ३४३० आणि १७४५ दोन्ही गेले असं समजू. उरला १६२४. इथे नियम लिहिणाऱ्या प्रोग्रामची तारांबळ उडते. साध्या कीटोनचा कार्बोनिल १७१५ ला, एस्टरचा १७४० च्या आसपास, हे त्याला पाठ असतं. पण फ्लेव्होनमधला कार्बोनिल एका बाजूने बेंझीनला आणि दुसऱ्या बाजूने दुहेरी बंधाला जोडलेला असतो, आणि त्या दुहेरी बंधाच्या टोकाला वलयातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ढकलत असतो. कार्बन-ऑक्सिजन बंधाचा दुहेरीपणा कमी होतो, बंध सैल होतो, वारंवारता खाली येते, पार १६५० च्याही खाली. ढोबळ नियमांच्या प्रोग्रामला तिथे कार्बोनिल दिसतच नाही. तो ‘अल्कीन’ किंवा ‘अमाइड’ लिहून मोकळा होतो.

हे नियमवाले प्रोग्राम जुने आहेत. स्टॅनफर्डला १९६५ मध्ये लेडरबर्ग, फायगेनबाऊम, बुकॅनन आणि जेरासी यांचा डेंड्रल प्रकल्प सुरू झाला. तो मुख्यतः मास स्पेक्ट्रमवर, म्हणजे रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वस्तुमान दाखवणाऱ्या आलेखावर, चालायचा, पण त्याची रीत आजही हातात धरण्यासारखी आहे. मागून जपानमध्ये सासाकींचा केमिक्स आला, अमेरिकेत मंक यांचं काम झालं, आणि १९८० च्या सुमारास मर्कमध्ये फक्त इन्फ्रारेडसाठी पेअर्स नावाचा प्रोग्राम तयार झाला. डेंड्रलची रीत अशी: सूत्र दिलं की त्यातून होऊ शकणाऱ्या सगळ्या रचना तयार करायच्या, आणि पुराव्याने एकेक कापत जायचं. त्यात दोन याद्या असायच्या, गुडलिस्ट आणि बॅडलिस्ट. रचनेत काय असलंच पाहिजे आणि काय असता कामा नये.

सूत्र का लागतं, ते बेंझीनवरून कळेल. सहा कार्बन, सहा हायड्रोजन. संयुजेचे नियम पाळून कागदावर यातून २१७ रचना निघतात. तुमच्या १८ कार्बनांच्या किती निघतील याचा विचारच सोडा. म्हणून मास स्पेक्ट्रममधून २९२ हा रेणुभार आणि त्यावरून सूत्र, हे आधी हातात हवं. सूत्रावरून असंपृक्ततेचा अंक काढा: १३ येतो. म्हणजे वलयं आणि दुहेरी बंध मिळून तेरा. यात साखळीदार, संपृक्त असं काही फारसं बसूच शकत नाही. इन्फ्रारेड न बघताच अर्धी लढाई होते.

मग इन्फ्रारेडची खरी जागा बॅडलिस्टमध्ये. ज्या गटांचे पट्टे हमखास ठळक येतात त्यांचं नसणं हा भक्कम पुरावा. शुद्ध नमुन्यात १८५० ते १६६० मोकळं असेल तर एस्टर, लॅक्टोन, साधा कीटोन, आल्डिहाइड, कार्बोक्झिलिक आम्ल हे सगळे बाद. ३६०० ते ३२०० मोकळं असेल तर मोकळा ओएच आणि एनएच बाद. पण नायट्राइल किंवा अल्काइन अशा तऱ्हेने बाद करू नका. त्यांचे पट्टे कधी इतके क्षीण असतात की दिसतच नाहीत.

ओएचच्या बाबतीत करंजात एक सापळा आहे. याच तेलात पोंगामोल नावाचं करंजिनचं भावंड असतं, कार्बन १८, हायड्रोजन १४, ऑक्सिजन ४. ते बीटा-डायकीटोन. त्यातला ओएच शेजारच्या कार्बोनिलशी इतका घट्ट बांधलेला असतो की त्याचा पट्टा पसरून पार सपाट होतो, आणि कार्बोनिलही १६०० च्या आसपास उतरतो. म्हणजे ‘३४०० ला काही नाही, १६२० जवळ काहीतरी आहे’ हे वर्णन दोघांनाही लागू पडतं. कोणत्याही लायब्ररी सर्चला यात घोळ घालायला भरपूर वाव आहे. इथे फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाका. पोंगामोलसारखा ईनॉल रंग देतो, करंजिन देत नाही. मासमध्ये दोन एककांचा फरकही दिसेल.

गुडलिस्टमध्ये इन्फ्रारेडवरून मी फार लिहिणार नाही. ३१५० ते ३११० मध्ये बारीकसा पट्टा असेल तर फ्युरानच्या (करंजिनमधल्या ऑक्सिजन असलेल्या पाच अणूंच्या वलयाच्या) सीएचकडे बोट दाखवतो, पण शपथेवर सांगण्याइतका नाही. फ्युरान वलय फ्लेव्होनला सरळ जोडलंय की कोनात, मेथॉक्सी तीन नंबरवर आहे की दुसरीकडे, हे इन्फ्रारेड सांगत नाही. ते एनएमआरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकेका हायड्रोजनची जागा दाखवणाऱ्या तंत्राचं, काम. ३.९ पीपीएमच्या जवळ तीन हायड्रोजनांची एक रेघ, फ्युरानच्या दोन हायड्रोजनांच्या सुमारे दोन हर्ट्झने फुटलेल्या जोड्या, आणि एकूण हायड्रोजन बारा. करंजिन पहिल्यांदा वेगळं केलं ते पुण्याच्या डी. बी. लिमये यांनी, १९२० च्या दशकात. तेव्हा यातलं एकही यंत्र नव्हतं. अल्कलीने रेणू तोडून, निघालेलं बेंझोइक आम्ल आणि करंजिक आम्ल ओळखून रचना जुळवली गेली. मुलांना हे जरूर सांगा, आपल्याच मातीतलं काम आहे.

आता एआयचं. सगळे विचारतात, म्हणून आकड्यांसह सांगतो. २०२४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी इन्फ्रारेड स्पेक्ट्रम आणि रेणुसूत्र देऊन थेट रचना लिहिणारं ट्रान्सफॉर्मर मॉडेल प्रसिद्ध केलं. सहा लाखांहून जास्त संगणकाने तयार केलेल्या स्पेक्ट्रमांवर ते शिकलं आणि मग सुमारे साडेतीन हजार खऱ्या स्पेक्ट्रमांवर घासलं गेलं. पहिल्याच उत्तरात अचूक रचना सुमारे ४४ टक्के वेळा, पहिल्या दहांत सुमारे ७० टक्के. काम खरोखर नावाजण्यासारखं आहे, कारण नुसत्या इन्फ्रारेडवरून हे होईल असं माझ्या पिढीतल्या कुणाला वाटलं नव्हतं. पण रेणू होते हायड्रोजन सोडून ६ ते १३ अणूंचे. करंजिनमध्ये २२ आहेत. शिवाय सूत्र हातात द्यावं लागतं, आणि त्यात तेल मिसळलेलं नसतं, ओलं केबीआर नसतं.

पट्ट्यांचे आकडे चॅटबॉटला देऊन विचारण्याची मुलांना सवय लागली आहे. माझी मनाई नाही. एक चाचणी मात्र घ्यायला लावा: आकड्यांच्या यादीतून १६२४ गाळा आणि पुन्हा विचारा. उत्तर तेच आणि तितक्याच आत्मविश्वासाने आलं, तर त्याने स्पेक्ट्रम वाचलेला नाही, प्रश्नातलं ‘करंज’ वाचलंय.

त्यापेक्षा दोन-तीन उमेदवार रचना घेऊन त्यांचे स्पेक्ट्रम गणिताने काढणं मला जास्त पटतं. ऑर्का हा प्रोग्राम शिक्षणसंस्थांना फुकट मिळतो, अ‍ॅव्होगॅड्रोमध्ये रेणू काढता येतो. बी-थ्री-एलवायपी या पद्धतीने कंपनं काढली की आकडे थोडे जास्त येतात, ते सुमारे ०.९६ ने गुणून घ्यायचे. बावीस जड अणूंना साध्या लॅपटॉपवर रात्रभर लावून ठेवावं लागेल, आणि लॅपटॉपची बॅटरी धड असलेली बरी. हे गणित एकट्या रेणूचं असतं, स्फटिकातल्या शेजाऱ्यांचा त्यात विचार नसतो. म्हणून दहा-वीस एककांच्या फरकावर भांडू नका. १७०० ते १००० मधली चढ-उताराची ठेवण कोणत्या उमेदवाराशी जुळते आणि कोणाशी अजिबात नाही, तेवढं बघा.

लायब्ररी वापरायची तर फुकटातल्या दोन चांगल्या आहेत: जपानच्या एआयएसटी संस्थेची एसडीबीएस आणि अमेरिकेचं निस्ट वेबबुक. तिथे साधे फ्लेव्होन उघडून कार्बोनिल कुठे येतो ते मुलांना स्वतः बघू द्या. स्पेक्ट्रम कसा घेतलाय हे प्रत्येक वेळी वाचा. केबीआरचा स्पेक्ट्रम एटीआरच्या (गोळी न करता नमुना स्फटिकावर दाबून घेण्याच्या पद्धतीच्या) लायब्ररीशी तसाच जुळवू नये. एटीआरमध्ये किरण किती खोल शिरतो हे तरंगलांबीवर ठरतं, त्यामुळे ३००० कडचे पट्टे बुटके आणि १००० खालचे उंच दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये एटीआर करेक्शनचं बटण असतं, ते दाबून मगच जुळवा.

अहवालात आत्ता एवढंच लिहा: स्फटिकांचा द्रवणांक, टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत) शुद्ध करंजिनसोबत आरएफ, म्हणजे ठिपका किती वर चढतो ते, जुळतो का, नायट्रोजन नाही, आणि शुद्धीकरणानंतरचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम तीन-मेथॉक्सी फ्युरानोफ्लेव्होनच्या रचनेशी ‘सुसंगत’ आहे. ‘सिद्ध झालं’ हे एनएमआर आणि मास आल्यावर. मुंबईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्या कॉलेजांचे नमुने घेतात. तिसऱ्या वेळी स्फटिक केलेला, पूर्ण कोरडा नमुना पाठवा, पहिल्या खेपेचा नको. काचेच्या कुपीत पाठवा. प्लास्टिकच्या डबीतून थॅलेट उतरतं आणि १७२८ जवळ नवा एस्टर उभा राहतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि शुद्ध केल्यावर मला स्पेक्ट्रम दाखवायचा असेल तर पीडीएफ पाठवू नका, त्यावर काहीच करता येत नाही. जेकॅम्प-डीएक्स (स्पेक्ट्रमचे आकडे साठवणारी फाइल) किंवा सीएसव्ही फाइल द्या, सोबत रिकाम्या गोळीची आणि मूळ तेलाचीही.